संसर्ग ओसरल्यावरही रेंगाळणारा घसा, आवाज आणि जीभ : घरी काय करावे, डॉक्टरांना कधी दाखवावे

ताप उतरला, सर्दी ओसरली, तरी घशाची खवखव राहते, दुपारनंतर आवाज बसतो आणि जेवणाला चव लागत नाही, अशी तक्रार फ्लू किंवा कोविडनंतर अनेकजण करतात. बहुतेक वेळा यामागे नवा संसर्ग नसतो, तर आधीच्या संसर्गाने सुजून हळवे झालेले अस्तर असते. म्हणूनच उरलेल्या गोळ्यांमधून प्रतिजैविकाचा आणखी एक कोर्स स्वतःच्या मनाने घेऊ नये. विषाणूंवर त्याचा उपयोग होत नाही आणि जिभेवर बुरशी येण्याचा धोका मात्र वाढतो. त्याऐवजी कोणता त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला हे लिहून ठेवावे, कारण पुढचे बरेचसे निर्णय किती आठवडे लोटले यावरच ठरतात.

विषाणूमुळे बसलेला आवाज साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत सुटतो. तो लांबतो तेव्हा अनेकदा आपल्या सवयीच त्याला कारणीभूत असतात. बोलताना दोन स्वरतंतू दर सेकंदाला पुरुषांमध्ये साधारण शंभर-सव्वाशे वेळा, तर स्त्रियांमध्ये दोनशेच्या आसपास एकमेकांवर आदळतात. सुजलेल्या तंतूंना हेच जड जाते आणि त्यात सतत खाकरण्याची भर पडली की सूज उतरायला वावच मिळत नाही. खाकरल्याने क्षणभर मोकळे वाटते, पण अस्तर चिडून पुन्हा चिकट स्राव तयार होतो आणि पुन्हा खाकरावेसे वाटते. माझ्या मते ही एक सवय मोडणे कोणत्याही काढ्यापेक्षा मोलाचे आहे. उबळ आली की ओठ मिटावेत, हनुवटी किंचित खाली घ्यावी, पाण्याचा लहान घोट घेऊन तो सावकाश गिळावा आणि काही क्षण गप्प राहावे. आपण किती वेळा खाकरतो हे आपल्याला सहसा कळत नाही, म्हणून घरच्यांना टोकायला सांगावे.

ओरडून बोलू नये, तसेच जोर लावून कुजबुजूही नये, कारण त्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. हळू, पण नेहमीच्या आवाजात थोडेच बोलावे. शिक्षकांनी आणि कीर्तनकारांनी या काळात शक्य तिथे माइक वापरावा. सूज उतरू लागल्यावर एक सोपा व्यायाम करता येतो. अर्ध्या भरलेल्या पेल्यात स्ट्रॉचे टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवावे आणि गाल सैल ठेवून स्ट्रॉमधून ‘ऊ’ असा मऊ सूर लावावा. बुडबुडे एकसारखे येत राहिले, तर श्वास आणि आवाज यांचा मेळ बसला असे समजावे. एक-दोन मिनिटे पुरेत. घसा दुखला तर लगेच थांबावे.

मिठाच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो, मात्र ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. ज्येष्ठमध रोज भरपूर चघळल्यास रक्तदाब वाढू शकतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये आणि लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ घ्यायला बसवू नये, कारण त्यात भाजण्याचे अपघात होतात.

जिभेवरचा पातळ पांढरट थर बहुधा निरुपद्रवी असतो. मात्र दह्याच्या कवडीसारखे डाग असतील आणि ते पुसल्यावर खाली लालसर, झोंबणारी जागा दिसत असेल, तर ती बुरशी असण्याची शक्यता आहे. मधुमेहींमध्ये आणि स्टेरॉइडचा इन्हेलर घेणाऱ्यांमध्ये ती जास्त आढळते. इन्हेलर घेतल्यावर दर वेळी चूळ भरावी. टॉर्च लावून पाहिल्यावर जिभेच्या मुळाशी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात दिसणारे 8 ते 12 उंचवटे सगळ्यांनाच असतात, त्यांना घाबरू नये.

चव गेली असे वाटत असेल, तर मीठ, साखर, लिंबू आणि कारले वेगवेगळे जिभेवर ठेवून पाहावे. हे चारही ओळखू येतात, पण आमटीचा स्वाद येत नाही, असे असेल तर मुख्य दोष वासाचा आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे वासाचे अभ्यासक थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये यासाठी वासाचा सराव मांडला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचे वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी सुमारे 10 सेकंद, लक्ष देऊन घ्यायचे आणि किमान 12 आठवडे खंड पडू द्यायचा नाही. तोवर गॅसची गळती आणि शिळे अन्न यांची खात्री घरातल्या दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावी.

श्वास घेताना घरघर होणे, लाळही गिळता न येणे किंवा तोंड उघडता न येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. घसादुखीनंतर दोन-तीन आठवड्यांत सांधे सुजले, धाप लागली किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आवाज तीन-चार आठवड्यांनीही घोगराच असेल, थुंकीतून रक्त येत असेल, मानेत गाठ लागत असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा जिभेवरचा व्रण तीन आठवड्यांत भरत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. तंबाखू, गुटखा, मिशरी किंवा विडीचे व्यसन असणाऱ्यांनी तर ‘सर्दीचाच परिणाम असेल’ म्हणून मुळीच थांबू नये. जाताना लिहून ठेवलेल्या तारखा आणि घेतलेल्या औषधांची नावे सोबत न्यावीत. तज्ज्ञ बहुधा नाकात बधिर करणारा फवारा मारून बारीक, लवचीक दुर्बीण आत सरकवतात आणि ‘ई’ म्हणायला सांगून स्वरतंतूंची हालचाल पाहतात. ही तपासणी बसल्या जागी काही मिनिटांत होते आणि तिच्यासाठी भूल द्यावी लागत नाही.