आइल ऑफ वाइट: गाडी न नेता

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या या बेटावर गाडी नेऊ नका. फेरीवर तिचं भाडं आपल्यापेक्षा जड पडतं, आणि बेटावर बस चांगल्या आहेत. लंडनच्या वॉटर्लूहून ट्रेनने पोर्टस्मथ हार्बरला या. स्टेशनाला लागूनच कॅटमरान (दोन तळांची वेगवान बोट) सुटते, वीस-बावीस मिनिटांत बेटावरच्या राइड गावी पोचवते. तिथला धक्का 1814 चा, जवळजवळ सातशे मीटर लांब. सासूबाईंचे गुडघे पाहता आम्ही टोकावरूनच ट्रेन पकडली. डबे लंडनच्या भुयारी रेल्वेतून निवृत्त झालेले!

पहिला दिवस ऑस्बोर्न हाउसला द्या. व्हिक्टोरिया राणी 1901 मध्ये इथेच वारली. बाकी दालनं भराभर उरका, पण दरबार रूममध्ये थांबा. लाहोरच्या भाई राम सिंग यांच्या आराखड्याची ही खोली, छतापासून भिंतींपर्यंत पांढरं नक्षीकाम. शेकोटीवर मोर आहे, सासूबाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "पिसं मोजावीत की काय?" बाहेरच्या बोळात रुडॉल्फ स्वोबोडाने रंगवलेली हिंदुस्थानी माणसं आहेत, त्यांत साधे कारागीरही. मला राणीपेक्षा त्यांचेच चेहरे लक्षात राहिले.

दुसऱ्या दिवशी नीडल्स, म्हणजे समुद्रातून वर आलेले पांढरे सुळके. तिथल्याच अॅलम बेला चेअरलिफ्टने खाली उतरा, रंगीत वाळूचे कडे समोर येतात. चप्पल सैल असेल तर आधीच काढून हातात धरा. माझी थोडक्यात वाचली. जोराचा वारा असला की लिफ्ट बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा.

कॉम्प्टन बेला डायनोसॉरच्या पावलांचे ठसे दिसतात, पण फक्त ओहोटीला. वेळापत्रक बघूनच जा.