अंगणातला जुना कोबा काढायचाय? हत्यार निवडण्याआधी खाली काय आहे ते बघा

नेरुळ-सानपाड्याकडच्या रो-हाउसमागे चिखल नको म्हणून कुणीतरी कधीकाळी कोबा टाकलेला असतो. आता तिथे मोगरा, कढीपत्ता लावायचा म्हटलं की पहिला फोन ब्रेकरवाल्याला जातो. तेवढी घाई नको.

आधी एका कडेला सुतकी आणि छिन्नीने वीतभर खड्डा पाडा. कोबा किती इंच जाड, आत सळई आहे का, खाली माती की आणखी काही, हे तिथेच कळतं. ड्रेनेजचं चेंबर, पाण्याची पाइप, केबल आणि गॅसची लाइन कुठून जाते तेही विचारून खडूने आखून ठेवा. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत मात्र ‘गार्डन’ बऱ्याचदा पोडियमवर असतं, म्हणजे खाली पार्किंगचा स्लॅब. तिथे ब्रेकर लावलात की वॉटरप्रूफिंग गेलंच. अशा जागी सोसायटीला विचारल्याशिवाय छिन्नीसुद्धा लावू नका.

जमिनीवरचा, बिनसळईचा दोन-तीन इंची कोबा असेल तर घण आणि पहार पुरे. लोक मधोमध घण घालत बसतात आणि दमतात, कारण खालून मातीचा टेका असतो. उघड्या कडेखालची माती फावड्याने ओढून काढा, पहार आत सरकवा आणि पहारीखाली विटेचा टेकू देऊन कड इंचभर उचला. मग दुसऱ्याने त्या उचललेल्या भागावर घण घालायचा. खाली पोकळी असली की कोबा पापडासारखा तुटतो. तुकडा बाजूला केला की पुढची कड मोकळी होते.

चार इंच किंवा त्याहून जाड असेल, तर ब्रेकर भाड्याने आणा. भिंतीला भोकं पाडायचं छोटं ड्रिल मशीन इथे कामाचं नाही. टोकदार छिन्नी फोडायला, चपटी कडा सरळ करायला. कडेपासून चार बोटं आत टोक ठेवा आणि मशीनच्या वजनालाच काम करू द्या, वरून रेटू नका. चीर दिसली की थांबा. हावरेपणाने खोल घुसवलेली छिन्नी अडकते, आणि ती सोडवायला दुसरी लागते. सळई निघाली तर ग्राइंडरला कटिंग डिस्क लावून कापा.

चष्मा, एन-९५ मास्क, कानाला प्लग आणि बूट घालाच. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. धूळ बसवायला आधी हलकं पाणी शिंपडा, पण वायर आणि बोर्ड कोरडे ठेवा. ब्रेकरचं काम पावसाळ्याआधीच उरका आणि दुपारच्या झोपेची वेळ टाळा, शेजारी दुवा देतील.

रॅबिटचा, म्हणजे फोडलेल्या कोब्याच्या राड्यारोड्याचा, हिशोब आधीच करा. १० बाय १० फुटांचा चार इंची कोबा म्हणजे साधारण सव्वादोन टन. २५ किलोची एक गोणी धरली तरी ९० च्या आसपास गोण्या होतात. टेम्पो महापालिकेला विचारूनच लावा. खाडीकाठी तिवरांत रॅबिट टाकणं बेकायदा आहे.

शेवटी टिकावाने फूट-दीड फूट जमीन सैल करा आणि सिमेंटचे बारीक तुकडे हाताने वेचा. त्यातल्या चुन्याने मातीचा सामू वाढतो आणि मोगऱ्याची पानं पिवळी पडू शकतात. भरावाचा मुरूम निघाला तर तोही काढा आणि खड्ड्यात लाल माती नि शेणखत भरा.