पायाची सूज आणि ताठ विणीचे मोजे

शाळेत दिवसभर फळ्यापाशी उभं राहून संध्याकाळी माझा डावा घोटा सुजायचा. बोट दाबलं की खळगा राहायचा. डॉपलर तपासणीत (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) शिरांच्या झडपा गळक्या निघाल्या, म्हणजे वर जायचं रक्त खाली साचत होतं. वर्ग 2 चे दाबाचे मोजे (जर्मन मानकानुसार घोट्याशी 23 ते 32 मिलिमीटर पारा) मी नेमाने घालत होते. तरी सूज पुरती उतरेना.

मग शिरांच्या सर्जननी मोजा ताणून पाहिला आणि दाबाचा वर्ग तोच ठेवून कमी ताणणारे, सपाट विणीचे मोजे दिले. खरा फरक इथेच पडला. उभं असताना घोट्याच्या शिरेत साधारण 80-90 मिलिमीटर दाब असतो, म्हणून मोज्याचा नुसता 23 ते 32 चा दाब ती दाबायला पुरत नाही. चालताना पोटरी फुगते. मऊ मोजा तिच्यासोबत ताणला जातो, म्हणून दाब फारसा वाढत नाही. ताठ मोजा हटत नाही. त्या क्षणी दाब चढतो, शीर दबते, रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल पडला की दाब उतरतो. आडवं आणि उभं असताना मोज्याखालच्या दाबात 10 मिलिमीटरहून अधिक फरक पडला, तर मोजा ताठ मानतात.

पण पोटरी हलायलाच हवी, म्हणून शिकवताना मी अधूनमधून टाचा उचलते. मोजे सकाळी उठल्याउठल्या, रबरी हातमोजे घालून चढवते. आता संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतत नाही.

मोजे घेण्याआधी पायाच्या धमन्या मात्र तपासून घ्याच. रक्तपुरवठा कमी असेल तर असा दाब पायाला इजा करतो. आणि एकाच पायाला अचानक दुखरी सूज आली, तर मोजे न चढवता लगेच डॉक्टर गाठा.