ग्रुपवर बदनामी झाली? आधी पुरावा जपा
सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी ‘यांनी मेंटेनन्सचे पैसे खाल्ले’ असं खोटंच लिहिलं, की हात लगेच उत्तर टाइप करायला जातो. आवरा. रागात लिहिलेलं तुमचंच वाक्य उद्या तुमच्यावर उलटू शकतं. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, अख्खं चॅट एक्स्पोर्ट करा आणि मगच ग्रुप सोडायचा तर सोडा. फोन मात्र विकू नका, फॉरमॅटही करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी हवा. मजकूर वाचलेल्या दोघातिघांची नावंही टिपून ठेवा.

पोलीस ठाण्यात ‘हा अदखलपात्र गुन्हा आहे’, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, असं सांगतील, आणि ते खरंच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ (बदनामी) खालची फिर्याद न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करायची असते. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याची मुदत जेमतेम १ वर्ष, मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणता म्हणता ती निघून जाते.

माझं मत विचाराल तर आधी वकिलामार्फत नोटीस पाठवा. लिहिणाऱ्याने मजकूर काढून त्याच ग्रुपवर माफी मागावी, एवढंच त्यात मागा.