जाळीच्या शालीची खालची कड आवळते? मला लागू पडलेला उपाय

बारीक मेरिनो लोकर (50 ग्रॅममध्ये साधारण 400 मीटर), 3.5 मिमीच्या सुया, त्रिकोणी शाल. ओली करून ताणली की वरची जाळी छान उघडायची, पण टाके बंद केलेली कड आवळलेलीच. टोकं निघेनात.

हात सैल ठेवला, बंद करायला जाड सुई घेतली, जोर लावून ओढलं. फरक नाममात्र, वैताग भरपूर. एक टाका दुसऱ्यावरून काढून टाकायच्या नेहमीच्या पद्धतीत कडेला ताणायला फारशी जागाच राहत नाही.

जमलं ते असं. आधी शेवटच्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून गुळगुळीत सुती दोरा ओवला, मगच कड उसवली. नाहीतर जाळी खाली सुटत जाते. टाके सुईवर परत घेतले. उजव्या हातात 4.5 मिमीची सुई. पहिले दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणले, झालेला टाका डाव्या सुईवर सरकवला, तो आणि पुढचा पुन्हा तसेच एकत्र. शेवटपर्यंत हेच. लोकर जरा जास्त लागते, तेव्हा गुंडा संपत आला असेल तर एक ओळ कमी विणा.

मग कोमट पाण्यात 20 मिनिटं, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबली (पिळायची नाही). टाचताना आधी वरची कड सरळ, मग मधलं टोक, मग बाजूची. पूर्ण सुकेपर्यंत टाचण्या काढू नका.