लॅटिन अमेरिकेचा सिनेमा बघायला कुठून सुरुवात करावी

लॅटिन अमेरिकेतला सिनेमा बघायचा म्हटलं की नवख्या माणसाला सहसा पहिलं नाव सुचवलं जातं ते 'सिटी ऑफ गॉड'चं (२००२). चित्रपट मोठाच आहे, पण पहिला म्हणून तो बघू नये. त्यातला वेग, बंदुका आणि झोपडपट्टी डोक्यात इतकी घट्ट बसते की पुढचा प्रत्येक चित्रपट त्याच मापानं मोजला जातो. मग संथ चित्रपट 'यात काही घडतच नाही' म्हणून अर्ध्यावर बंद होतो.

सुरुवात करावी वाल्टर सालेस यांच्या 'सेंट्रल स्टेशन'पासून (१९९८, सुमारे ११० मिनिटं). रिओच्या मुख्य रेल्वे स्थानकात डोरा नावाची निवृत्त शिक्षिका टेबल मांडून बसते आणि लिहिता न येणाऱ्यांची पत्रं पैसे घेऊन लिहून देते. त्यातली बरीचशी ती टाकतच नाही. एका बाईचा अपघाती मृत्यू होतो आणि तिच्या लहान मुलाला घेऊन डोराला ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी मुलखात जावं लागतं. गोष्ट सरळ आहे, म्हणून ती कशी दाखवली आहे याकडे लक्ष द्यायला उसंत मिळते. स्थानकातल्या दृश्यांत डोराच्या मागची गर्दी धूसर असते. बस शहर सोडते तशी चौकट मोकळी होते, मागचं स्पष्ट दिसू लागतं, माणसांना चेहरे येतात. डोराची नजर बदलते आहे हे कुणी बोलून दाखवत नाही, ते काम कॅमेरा करतो. पत्र सांगायला बसलेल्यांपैकी अनेकजण नट नाहीत. चित्रीकरण चालू असताना स्थानकावरचे खरे प्रवासी टेबलापाशी येऊन बसले आणि आपापली पत्रं सांगू लागले. मुलाचं काम करणारा विनिसियुस द ओलिवेरा विमानतळावर बूटपॉलिश करायचा. बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला सुवर्ण अस्वल मिळालं आणि डोरा झालेल्या फर्नांडा मोंतेनेग्रो यांना अभिनयाचं रौप्य अस्वल.

पुढचा चित्रपट लावण्याआधी तासभर इतिहासाला द्यावा. ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. या सिनेमातलं दुःख घरात घडतं. स्वयंपाकघरात, जिन्यात, मुलांच्या खोलीत. त्याचं कारण मात्र घराबाहेर असतं आणि दिग्दर्शक ते समजावून सांगत बसत नाही, कारण त्याच्या प्रेक्षकांनी ते भोगलेलं असतं. आपल्याला ते मिळवावं लागतं. एका कार्डावर एवढं लिहून ठेवलं तरी पुरतं: ब्राझीलमध्ये लष्करी राजवट १९६४ ते १९८५. चिलीत ११ सप्टेंबर १९७३ ला बंड आणि १९९० पर्यंत पिनोशेची लष्करी राजवट. उरुग्वेत १९७३ ते १९८५. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३. ग्वाटेमालात यादवी १९६० ते १९९६. पेरूत सरकार आणि बंडखोर यांच्यातला संघर्ष १९८० ते २०००, त्यात सुमारे ६९ हजार माणसं गेली असा तिथल्या सत्यशोधन आयोगाचा अंदाज.

त्याच कार्डावर 'बेपत्ता' हा शब्दही हवा. माणसाला घरातून उचलायचं, अटकेची नोंद ठेवायची नाही, मृतदेह द्यायचा नाही, विचारलं तर 'असा कुणी आमच्याकडे नाही' म्हणायचं. अर्जेंटिनात अधिकृत आयोगानं अशा ८,९६१ जणांची नोंद केली. मानवाधिकार संघटना ३० हजार म्हणतात. कुटुंबाला मग सुतकही पाळता येत नाही आणि आशाही सोडता येत नाही. या चित्रपटांतली माणसं मोठ्यानं का रडत नाहीत, याचं उत्तर इथे आहे.

आता दोन चित्रपट लागोपाठच्या आठवड्यांत बघावेत. लुईस पुएन्सो यांचा 'द ऑफिशियल स्टोरी' (१९८५) आणि सालेस यांचाच 'आय अॅम स्टिल हिअर' (२०२४). पहिल्यात ब्यूनोस आयर्समधली एक इतिहासाची शिक्षिका आहे. वर्गात ती अधिकृत पुस्तकातला इतिहास शिकवते आणि घरी तिला हळूहळू शंका येते, की आपण दत्तक घेतलेली मुलगी कुणा बेपत्ता बाईची तर नाही ना? परदेशातून परतलेली मैत्रीण तिला आपल्यावर झालेल्या छळाबद्दल सांगते ते दृश्य दोनदा बघा. दोघी दारू पिऊन खिदळत असतात, मैत्रीण हसतच सांगायला लागते आणि त्या हसण्याचं रडं नेमकं कुठे होतं ते पहिल्यांदा बघताना सापडत नाही. नोर्मा आलेआंद्रो यांना कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते या भूमिकेसाठी. परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा हा लॅटिन अमेरिकेतला पहिला चित्रपट.

'आय अॅम स्टिल हिअर' खऱ्या कुटुंबाचा आहे. माजी खासदार रूबेन्स पाइवा यांना जानेवारी १९७१ मध्ये रिओच्या घरातून नेलं आणि ते परत आले नाहीत. पत्नी युनिस पुढे वकील झाल्या. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला मिळायला १९९६ उजाडलं. चित्रपटाचा पहिला अर्धा तास समुद्रकिनारा, गाणी, पाहुणे, मुलांचा दंगा यांत जातो. हा भाग पळवत बघू नका. घर आवाजांनी भरलेलं असल्याशिवाय ते रिकामं झाल्याचं कळत नाही. मासिकाचा छायाचित्रकार कुटुंबाला गंभीर चेहरे करायला सांगतो, तेव्हा युनिस मुलांना हसायला सांगते. सगळा चित्रपट त्या एका हसण्यात आहे. युनिसचं काम फर्नांडा तोरेस यांनी केलं आहे आणि शेवटच्या भागात म्हातारी युनिस झाल्या आहेत त्यांच्या आई, म्हणजे आपली डोरा, फर्नांडा मोंतेनेग्रो. म्हणून 'सेंट्रल स्टेशन' आधी बघितलेला असावा.

इथे थोडं यंत्रांविषयी. टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असते, ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. नाहीतर फिल्मवर चित्रित केलेलं दृश्य मालिकेसारखं दिसतं. इंग्रजी डबिंग कधीही निवडू नये. चित्र ताणून पडदा भरण्याची सोयही बंद. पाब्लो लारायन यांचा 'नो' (२०१२) त्या काळच्या यू-मॅटिक व्हिडिओ कॅमेऱ्यांवर मुद्दाम चित्रित केलेला आहे. चौकट जवळजवळ चौकोनी, रंग विटके, कडा फुटलेल्या. चिलीत पिनोशेला सत्तेत ठेवायचं की नाही यावर १९८८ मध्ये घेतलेल्या जनमतातल्या खऱ्या जाहिराती आणि नव्यानं घेतलेली दृश्यं यांतला सांधा दिसू नये म्हणून हे केलं आहे. प्रत खराब आहे असं समजून अनेकजण दुसरी प्रत शोधत बसतात.

अल्फोन्सो क्वारोन यांचा 'रोमा' (२०१८) फोनवर बघितला तर न बघितल्यासारखाच. मेक्सिको सिटीतल्या एका घरातली मोलकरीण क्लेओ कित्येकदा रुंद चौकटीच्या कोपऱ्यात असते, लहानशी. पडदा लहान असेल तर ती हरवते. पार्श्वसंगीत नाही, त्याची जागा धार लावणाऱ्याची शीळ, कुत्री, विमानं, रस्त्यावरून जाणारा बँड यांनी घेतली आहे. हे आवाज चारी बाजूंनी येतात, म्हणून चांगला हेडफोन हवा. १० जून १९७१ ला विद्यार्थ्यांवर झालेला हल्ला यात फर्निचरच्या दुकानाच्या खिडकीतून दिसतो. ही तारीखही कार्डावर लिहून घेतली तर ते दृश्य अंगावर येतं.

'रोमा'नंतर लगेच आना मुइलार्त यांचा 'द सेकंड मदर' (२०१५) घ्यावा. साओ पावलोतल्या श्रीमंत घरात वाल वर्षानुवर्षं कामाला आहे. तिची मुलगी वास्तुकलेच्या प्रवेशपरीक्षेसाठी शहरात येते आणि घरातले न सांगितलेले नियम मोडू लागते. कुठल्या टेबलावर बसायचं, फ्रीजमधलं कुठलं आइस्क्रीम कुणाचं, पोहण्याच्या तलावात कुणी उतरायचं. कॅमेरा बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहतो आणि दाराच्या फटीतून जेवणघराचा तुकडा तेवढा दिसतो. कामवाल्या बाईचा कप वेगळा ठेवणाऱ्या घरांत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला हा चित्रपट समजावून सांगावा लागत नाही. क्वारोन यांची क्लेओ मालकांच्या मुलाच्या आठवणीतून आलेली आहे, मुइलार्त यांची वाल स्वयंपाकघरातून बघते. माझ्या मते दुसरी नजर जास्त धीट आहे.

भाषेची एक गफलत वेळीच दूर करावी. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात, स्पॅनिश नाही. स्पॅनिश शिकणाऱ्यांना अर्जेंटिनाचे उच्चार वर्गातल्यापेक्षा वेगळे वाटतील आणि चिलीचं बोलणं अतिवेगवान. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जास्त महत्त्वाचं हे, की अनेक चित्रपटांत दोन भाषा असतात आणि इंग्रजी सबटायटल्स त्यांतला फरक पुसून टाकतात. हायरो बुस्तामान्ते यांच्या 'इक्सकानूल'मध्ये (२०१५) ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहणारं माया कुटुंब काक्चिकेल बोलतं. इस्पितळात आई-वडिलांना स्पॅनिश येत नाही आणि दुभाष्या सोयीपुरतंच सांगतो. त्या दृश्यात कोण काय ऐकतंय आणि कुणाला काय कळत नाहीये, हे कान लावल्याशिवाय समजत नाही. 'रोमा'त क्लेओ मैत्रिणीशी मिश्तेक बोलते, मालकांशी स्पॅनिश. पेरूच्या क्लाउदिया योसा यांच्या 'द मिल्क ऑफ सॉरो'मध्ये (२००९) नायिका मनातली भीती क्वेचुआ गाण्यांतून सांगते. अशा वेळी एखादं दृश्य सबटायटल्स बंद करून पुन्हा ऐकावं. भाषा येत नसली तरी ती बदलल्याचं ऐकू येतं.

शोधताना नावाबरोबर दिग्दर्शक आणि साल टाकावं. 'रोमा' नावाचा फेलिनींचाही चित्रपट आहे (१९७२). कांपानेया यांचा ऑस्करविजेता 'द सीक्रेट इन देअर आइज' (२००९) शोधताना त्याचा २०१५ चा हॉलिवूड अवतार हाती लागतो. 'नो' तर सालाशिवाय सापडतच नाही.

हे सगळं पचल्यावर, साधारण सातव्या-आठव्या आठवड्यात, लुक्रेसिया मार्तेल यांचा 'ला सिएनागा' (२००१) लावावा. त्याआधी नको. हा चित्रपट लोक सर्वांत जास्त वेळा अर्ध्यावर सोडतात आणि माझ्या दृष्टीनं या यादीतला सर्वांत मोठा चित्रपट हाच. वायव्य अर्जेंटिनातल्या साल्ता प्रांतात दमट उन्हाळ्यात दोन नातेवाईक कुटुंबं, घाणेरडं झालेलं तलावाचं पाणी, सतत पलंगावर लोळणारी माणसं. सुरुवातीलाच लोखंडी खुर्च्या फरशीवरून घासत नेल्याचा आवाज येतो, ग्लासात बर्फ किणकिणतो, एका कुटुंबातली आई मेचा फुटलेल्या काचांवर पडते आणि आजूबाजूचे प्यायलेले लोक जागचे हलत नाहीत. कोण कुणाचं हे कळेना म्हणून प्रेक्षक वैतागतो. उपाय साधा आहे. पहिली वीस मिनिटं बघून थांबा, कागदावर मेचा आणि दुसऱ्या कुटुंबातली आई ताली या दोघींखाली त्यांच्या मुलांची नावं लिहा, मग चित्रपट पहिल्यापासून लावा. पार्श्वसंगीत नाही, म्हणजे कुठे घाबरायचं ते कुणी सुचवणार नाही. लांबून ढग गडगडतात, डोंगरात मुलं बंदुका चालवतात, शेजारचा कुत्रा भुंकतो. अपघात होणार असं प्रत्येक दृश्यात वाटत राहतं. यातलं कुटुंब राजकारणावर अवाक्षर बोलत नाही. नोकरांना ते ज्या शब्दांत हाक मारतात आणि टॉवेल चोरल्याचा संशय ज्या सहजतेनं घेतात, तिथे मार्तेल यांना जे म्हणायचंय ते आहे.

बघून झाल्यावर लगेच समीक्षा वाचू नका. आधी पानभर लिहून काढा. सर्वांत जास्त ऐकू आलेला आवाज कुठला, कॅमेरा कुणाच्या खोलीत गेला आणि कुणाच्या दाराशी थांबला, घराबाहेरची कुठली घटना आत शिरली? आठवड्याला एकच चित्रपट असावा. एका सुट्टीत चार बघितले की चारही आयांचे चेहरे एकमेकांत मिसळतात.

मोठ्या पडद्यावर बघायची संधी जवळच आहे. गोव्याच्या इफ्फीत सिरो गेरा यांच्या कोलंबियन 'एम्ब्रेस ऑफ द सर्पंट'ला २०१५ मध्ये आणि कोस्टा रिकाच्या वालेंतिना मोरेल यांच्या 'आय हॅव इलेक्ट्रिक ड्रीम्स'ला २०२२ मध्ये सुवर्णमयूर मिळाला. महोत्सवाचं वेळापत्रक चाळताना देशाच्या नावापुढे आणखी तीन-चार देश दिसले तर गोंधळू नका. ग्वाटेमाला किंवा पराग्वेसारख्या देशांत चित्रपटाला पुरेसा पैसा मिळत नाही, म्हणून बर्लिनचा वर्ल्ड सिनेमा फंड, रॉटरडॅमचा हुबर्ट बाल्स फंड, स्पॅनिश-पोर्तुगीज भाषिक देशांचा इबेरमेडिया अशा निधींतून तो उभा राहतो. सुरुवातीच्या चिन्हांत हीच नावं दिसतात. ती ओळखू येऊ लागली की पुढचे चित्रपट निवडणं सोपं जातं.

माहितीपट शेवटी ठेवावेत, पण टाळू नयेत. पात्रिसियो गुस्मान यांचा 'नॉस्टॅल्जिया फॉर द लाइट' (२०१०) दीड तासाचा आहे. अताकामाच्या वाळवंटात खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीतून ताऱ्यांचा जुना प्रकाश बघतात आणि त्याच वाळवंटात बायका आपल्या माणसांच्या अस्थी शोधत असतात. त्यानंतर त्यांचाच 'द बॅटल ऑफ चिली'. त्याचे तीन भाग आहेत, तिन्ही वेगवेगळ्या रात्री आणि क्रमानंच बघावेत. तिसरा भाग कामगारांच्या संघटनांवर आहे आणि तो काळात मागे जातो, हे आधी माहीत असलं तर दुसऱ्या भागातल्या बंडानंतर गोंधळ होत नाही.