दीड किलोमीटरची हौस आणि ५० मीटरवर दिसणाऱ्या चुका

ठाणे-नवी मुंबईतल्या क्लबांत एक प्रश्न आता पाठ झालाय. दहा मीटरवर एअर रायफल जरा हातात बसली, की पोरं मोबाईल पुढे करतात: "सर, हे आपल्याकडे कुठे करता येईल?" पडद्यावर दीड-दोन किलोमीटरवरची लोखंडी पाटी, .३७५ चेटॅक किंवा .३३८ लापुआसारखं दणकट काडतूस, शेजारी दुर्बिणीतून वारा वाचणारा साथीदार. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या रॅटनच्या 'किंग ऑफ टू माइल्स' स्पर्धेत तर पल्ला तीन किलोमीटरच्या पुढे जातो.

आपल्याकडे हे जमणार नाही. या पट्ट्यात तेवढ्या लांबीची नागरी रेंज नाही, आणि ७.६२ किंवा .३०३ सारखे सैनिकी बोअर साध्या परवान्यावर मिळत नाहीत. मात्र त्या खेळाचं गणित शिकायला ५० मीटरची रेंज आणि .२२ रायफल पुरते. दीड किलोमीटरवर जी चूक पाऊण मीटरची होते, तीच इथे काही मिलिमीटरची दिसते. बघायची तयारी हवी, एवढंच.

पैसा आधी झूमवर घालणं

लोक स्कोप (रायफलवरची दुर्बीण) घेताना २५ पट, ३५ पट मोठं दिसतं का ते विचारतात. लांब पल्ल्यावर आधी विचारायचं ते हे, की टरेट, म्हणजे नेम वरखाली करायची स्कोपवरची चकती, वरच्या दिशेला किती फिरतो. .३३८ लापुआला १,५०० मीटरवर १५ मिलच्या वर उंची द्यावी लागते. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. ज्या स्कोपचा एकूण फेरा २० मिल आहे, त्याचा निम्मा झिरो करण्यातच, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम आणि गोळी जुळवण्यातच जातो आणि हातात जेमतेम १० उरतात. म्हणून स्कोपखाली २० किंवा ४० एमओएचा (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) उतार दिलेली पट्टी बसवतात. २० एमओएच्या पट्टीने साधारण ५.८ मिल हाताशी येतात.

रेटिकल (स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेघा) मिलमध्ये आणि टरेट एमओएमध्ये असलेला स्कोप स्वस्तात मिळाला म्हणून घेणारेही भेटतात. मग प्रत्येक दुरुस्तीला मनात गुणाकार, आणि त्यात चूक ठरलेली.

आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, ५० मीटर स्पर्धेत स्कोप चालतच नाही, पीप साइट (बारीक भोकातून बघून नेम धरायची साइट) लागते. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, ते पीप साइटवरच. तेव्हा हौसेसाठी स्कोप घ्यायचा असेल तर जरूर घ्या, स्पर्धा खेळायची असेल तर पैसे थांबवा.

रायफल तिरकी धरणं

ही चूक सगळ्यांत फसवी आहे. दोन अंशांचा तिरकेपणा डोळ्याला कळतसुद्धा नाही. १,५०० मीटरवर १५ मिल उंची दिली, तर नेमाच्या रेषेपासून गोळी सुमारे साडेबावीस मीटर खाली उतरणार असं धरलेलं असतं. रायफल दोन अंश कलली की त्या साडेबावीस मीटरांतले जवळजवळ ७८ सेंटिमीटर बाजूला वळतात. .२२ ची गोळी ५० मीटरवर १३ सेंटिमीटरच्या आसपास उतरते, म्हणजे तोच तिरकेपणा साडेचार मिलिमीटरचा. किरकोळ वाटतो? ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, मध्यापासून कड फक्त ५.२ मिलिमीटरवर.

ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, घट्ट येतोय पण सरकून येतोय, आणि दर मालिकेत वेगळ्या बाजूला, तर साइटचे क्लिक फिरवत बसू नका. आधी लेव्हलचा बुडबुडा किंवा पुढच्या साइटमधली आडवी रेघ बघा.

वेग न मोजता ॲपवर विसंबणं

बॅलिस्टिक ॲप, म्हणजे गोळी किती उतरेल-सरकेल ते काढणारं ॲप, गणित चोख करतं, पण तुम्ही घातलेल्या आकड्यांवर. काडतुसांच्या डब्यावरचा वेग कारखान्यातल्या बॅरलचा असतो, तुमच्या नव्हे. .२२ च्या मॅच काडतुसाचा वेग ३२०-३३० मीटर प्रतिसेकंद. त्यात १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी जवळपास ८ मिलिमीटर वरखाली जाते. एका वर्तुळाची रुंदीही ८ मिलिमीटरच. उभ्या रेषेत पसरणारा ग्रुप दिसला की श्वासाआधी काडतुसाच्या लॉटवर (कारखान्यातून एकत्र निघालेल्या खेपेवर) संशय घ्या. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) क्लबात एखादा असेल तर मागून घ्या. नसेल तर दोन-तीन लॉटचे ग्रुप वेगवेगळ्या कागदांवर मारून ठेवा. बरेच काही उघड होतं.

हवेच्या दाबाचा गोंधळ तर खास आपला. हवामानाच्या ॲपवरचा दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो. ठाण्यात तो तसाच घातला तरी चालून जातं. पुणं मात्र समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. तिथल्या बालेवाडीच्या रेंजवर जाऊन तोच आकडा घातला, तर ॲपला हवा आहे त्याहून दाट वाटते. ५० मीटरवर फरक जाणवणार नाही, मैलभरावर नक्की जाणवेल.

आणि कोरिओलिस! पृथ्वीच्या फिरण्यावर तासभर बोलणारे वाऱ्याचा झेंडा मात्र बघत नाहीत. ठाण्याच्या अक्षांशावर .३३८ च्या गोळीला १,५०० मीटरपर्यंत कोरिओलिसमुळे बाजूचा सरक होतो साधारण १० सेंटिमीटर. त्याच पल्ल्यावर आडव्या वाऱ्याचा अंदाज ताशी फक्त एक किलोमीटरने चुकला, तर गोळी पाव मीटर सरकते.

वारा: दहा मीटरवाल्यांची खरी पंचाईत

बंद हॉलमध्ये वाढलेल्या नेमबाजाला वारा म्हणजे पंखा. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला विश्वविजेतेपद मिळवलं तो १० मीटर एअर रायफल प्रकार हॉलमधलाच. त्यामुळे इथली बरीचशी तालीमही तिथेच होते. उघड्या ५० मीटर रेंजवर ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा .२२ च्या गोळीला अडीच सेंटिमीटर ढकलतो. दहा धरला होता, लागला सात.

नवखा काय करतो, तर सात लागला की लगेच साइटचे क्लिक फिरवतो. तोवर झुळूक पडलेली असते, आणि पुढचा शॉट दुसऱ्या बाजूला जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याला जोर येतो. त्या आधी, सकाळी झिरो करा. मग एक ठरावीक स्थिती निवडा, उदाहरणार्थ झेंडा अर्धा उचललेला. तेवढ्यातच मारायचं, बाकी वेळ रायफल खाली ठेवून थांबायचं. थांबणं हेही तंत्र आहे, आणि ते शिकवायला कुठलंही उपकरण मिळत नाही. उन्हात टार्गेटवर दिसणारी लहर कुठे वाहतेय तेही बघा. ती उभी, उकळल्यासारखी दिसली तर वारा थांबलाय किंवा बदलायच्या बेतात आहे.

येऊरला "टेस्टिंग"

एअर रायफल येऊरच्या जंगलात नेऊन तपासण्याबद्दल थोडक्यात. २० ज्यूलपर्यंतच्या आणि .१७७ बोअरच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. म्हणून ती कुठेही न्यायची मुभा मिळत नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि तिथे परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. टेस्टिंग रेंजवरच करायचं.

ग्रुप अचानक फाटला तर

काल छान होता, आज पसरला. तपासायचा क्रम असा ठेवा: स्टॉकचे ॲक्शन स्क्रू (रायफलचा धातूचा भाग दस्त्याला धरून ठेवणारे), मग साइटचे किंवा स्कोपच्या रिंगचे स्क्रू, मग काडतुसाचा लॉट, मग बॅरल, शेवटी स्वतःची पोझिशन. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात आणि आठवडाभर श्वासावर काम करतात, एक सैल स्क्रू तसाच ठेवून. स्कोप असेल तर रायफल टेकवून फक्त डोकं हलवून बघा. रेटिकल टार्गेटवर सरकत असेल तर हा सरक घालवणारं पॅरलॅक्सचं बटण जागेवर नाही.

पावसाळा

लांब पल्ल्याच्या परदेशी मार्गदर्शनात हे सापडणार नाही, कारण त्यांच्याकडे जून ते सप्टेंबर खाडीकाठी राहायची वेळ येत नाही. फोमची पेटी ओल धरून ठेवते. रेंजवरून आल्यावर रायफल पेटीत बंद करून कपाटात टाकली तर आठवड्यात बॅरलवर गंज धरू शकतो. घरी येऊन आधी कोरडं पुसा, मग तेलाचा पातळ हात, पेटीत सिलिका जेल. त्याचा रंग बदलला की पुडी बदला. पुढच्या वेळी मारण्याआधी बॅरलमधून कोरडं पॅच (कापडाचा तुकडा) फिरवा, नाहीतर तेलामुळे पहिले शॉट भलतीकडे जातात. एसी खोलीतून थेट बाहेर काढलेल्या काचेवर वाफ धरते, तेव्हा बॅग अर्धा तास न उघडता बाहेर ठेवा.

शिशाचे पेलेटही ओलीत बिघडतात. डबीत पांढरी भुकटी दिसली तर ते पेलेट टाकून द्या, बॅरलमध्ये घालू नका. ती भुकटी विषारी असते, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय रेंजबाहेरच्या वडापावला हात लावायचा नाही.